जुन्या लष्करी रायफलीचा मोह आवरत नाहीये, सल्ला हवा

वर्धेकाठचा

नमस्कार मंडळी. इथे मी बरेच दिवस नुसतं वाचतो. आज लिहायला बसलो, कारण आठ दिवसांपासून एकच गोष्ट डोक्यात घर करून आहे आणि घरात ती बोलायची सोय नाही.

मी आर्वी तालुक्यातला. शेती, आणि सोबत छोटं कृषी केंद्र. जुन्या वस्तूंचं वेड वडलांकडून आलं. त्यांनी अडकित्ते जमवले. मी बंदुकीच्या आजूबाजूचं जमवत गेलो. दारू ठेवायची शिंगं, काडतुसांचे कातडी पट्टे, शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा, पितळी तेलकुप्या. सगळं काचेच्या कपाटात मांडलंय. मधली एक लांब फळी मात्र पंधरा वर्षांपासून रिकामी आहे. पाहुणा आला की विचारतो, इथं काय ठेवायचं आहे? मी हसून वेळ मारून नेतो.

वाड्यांमधले खांब, चौकटी, घंगाळी विकत घेऊन शहरात पोचवणारा एक दलाल आमच्याकडे येत असतो. मागच्या सोमवारी त्यानं मोबाइलवर एका जुन्या रायफलीचा फोटो दाखवला आणि बुधवारी मला त्या वाड्यात घेऊन गेला. माजघरात, धान्याच्या कणगीमागे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. त्या घरच्या काकूंनी गाठी सोडल्या आणि ती माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. अंदाजे चार किलो वजन. कुंद्याचं लाकूड काळपट तपकिरी, जिथं गाल टेकतो तिथं हातानं पुसून पुसून गुळगुळीत झालेलं. कुंदा जिथे लोखंडाला मिळतो तिथे उजव्या अंगाला मुकुट, खाली जी.आर.आय., त्याखाली इशापूर आणि १९२५. मी बोल्टची मूठ वर केली, मागे ओढली, पुढे लोटली. तो आवाज मी शाळेत एनसीसीला असताना शेवटचा ऐकला होता. परेडसाठी आम्हाला डीपी शिक्क्याच्या, म्हणजे फक्त कवायतीच्या, थ्री नॉट थ्री (.३०३ च्या ली-एनफिल्ड रायफली) मिळायच्या. बोल्ट बंद झाला आणि मी पुन्हा नववीतला पोरगा झालो.

काकूंचे सासरे एका जिनिंग प्रेसिंगच्या गोदामावर पहाऱ्याला होते, त्यांची ही. दलाल म्हणतो, शंभर वर्षं झाली म्हणजे अँटिक, कागद लागत नाही. शिवाय सरकारनंच ती निकामी करून दिलेली आहे, मॅगझीनच्या (काडतुसांच्या कप्प्याच्या) जागी लाकडाचा ठोकळा बसवलाय. मागितले पंचेचाळीस हजार, चाळीसपर्यंत येईल. कापसाचे पैसे नुकतेच हातात आलेत. घेऊ का?

तूरवाला

भाऊ, सरळ सांगतो, हात नको लावू. आमच्या घरी पीक संरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची एकनळी हाय, रानडुकरासाठी आबाजीनं घेतलेली. कागद पक्के असून बी निवडणूक लागली का ठाण्यात जमा करा, निकाल लागला का घेऊन या, नूतनीकरण आलं का तालुक्याले खेटे अन् जिल्ह्याले खेटे. कागदवाल्याची हे गत हाय, तं बिनकागदाच्या बंदुकीचं काय होईन? अन् त्या दलालाच्या जातीचं एकही अक्षर खरं धरू नको. अशाच एकानं आमच्या मामाच्या देवघराचा दरवाजा 'हे सागवानच नाही' म्हणून नेला होता.

नरनाळा

तूरवाला भाऊंचं बरोबर आहे, पण वर्धेकाठचा यांची तगमग मला कळते. मी अकोटकडचा. अडगावची लढाई, २९ नोव्हेंबर १८०३, आमच्याच भागात झाली. त्यानंतर पंधरा दिवसांत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजा मेळघाटात चढल्या आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. आमच्या आजोबांना नांगरताना सुपारीपेक्षा थोडी मोठी शिशाची गोळी सापडली होती. ती कुणी झाडली आणि कुणाला चुकली, हे लहानपणी मी रोज विचारायचो. अशी एखादी वस्तू हातात आली की पुस्तकातलं साल आपल्या शेतात येऊन उभं राहतं. हा मोह हलका नाही, हे आधी मान्य करू.

आता दुसरी बाजू. इंटरनेटवर अमेरिकेतले संग्राहक बघून आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा घोळ होतो. त्यांच्या कायद्यात १८९८ सालापर्यंत बनलेली बंदूक 'अँटिक' धरतात. नेपाळच्या राजघराण्याचं जुनं शस्त्रागार, काठमांडूचा लगन सिलेखाना, २००३ मध्ये तिकडच्या व्यापाऱ्यांनी उचललं. त्यातल्या मार्टिनी-हेन्री (इंग्रजांच्या एकेरी काडतुसाच्या रायफली) आणि नेपाळातच घडवलेल्या गहेंद्र रायफली तिकडे साध्या गिऱ्हाइकाच्या दारात पोचल्या. ते व्हिडिओ मीही रात्र रात्र पाहिलेत. लिव्हर खाली ओढला की ब्लॉक खाली बसतो, अंगठ्याएवढं काडतूस आत जातं, लिव्हर वर. १८७१ ची रचना, पण इतकी साधी की लोहाराच्या पोराला एकदा दाखवली तर कळावी. पण तो कायदा त्यांचा. आपला वेगळा आहे.

आणि नकलांचं सांगून ठेवतो. पाकिस्तानात सरहद्दीवर दर्रा आदमखेलमध्ये पिढ्यान् पिढ्या हातानं रायफली घडवतात. घडवणाऱ्याला अक्षर वाचता येत नसलं तरी तो शिक्का हुबेहूब कोरायला बघतो. मग इंग्रजी अक्षर उलटं पडतं, किंवा राणी व्हिक्टोरियाच्या व्ही.आर.खाली १९०५ साल येतं. राणी जानेवारी १९०१ मध्ये गेली. एवढं एक साल ध्यानात ठेवलं तरी मोठी फसवणूक टळते. तुमच्या वर्णनातले शिक्के मात्र खरे वाटतात. जी.आर.आय. म्हणजे जॉर्जियस रेक्स इम्पेरेटर, राजा आणि सम्राट जॉर्ज, आणि इशापूर म्हणजे कोलकात्याजवळचा सरकारी रायफल कारखाना.

जुना आर्मरर

मी फौजेच्या ईएमई या दुरुस्ती विभागात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो. चोवीस वर्षं नोकरी, आता कामठीजवळ राहतो. वर्धेकाठचा, तुमच्या लिहिण्यातल्या एका शब्दाशी मी अडलो. लाकडाचा ठोकळा.

खऱ्या थ्री नॉट थ्रीच्या पोटात दहा काडतुसांचं मॅगझीन असतं, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी भरायचं. निकामी करायची तर नळीला भोक पाडतात, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) बंद करतात, बोल्टचं टोक कापतात. ठोकळा बसवून कुणी बंदूक निकामी करत नाही. ठोकळा बसवतात ती एकेक काडतूस टाकून झाडता यावी म्हणून.

काकूंची परवानगी घेऊन तीन गोष्टी बघा. बोल्ट काढता येत असेल तर काढा, मागून नळीत उजेडाकडे बघा. आत पीळ घेत जाणारे आटे दिसतात का, की नळी आरशासारखी सरळ आहे? मग शिक्क्याच्या आसपास कुठे .४१०, म्हणजे नळीच्या मापाचा आकडा, कोरलंय का? आणि मॅगझीनच्या थोडं पुढे लाकडात आडवा स्क्रू आहे का? तो असेल तर बंदूक इशापूरच्या हाताखालून गेलीय, ही त्यांची खूण.

तोवर एक करा. पैसे देऊ नका. आणि कृपा करून तिला घासू-पुसू नका. गावाकडे लोक जुन्या कुंद्यावर पॉलिशपेपर मारून व्हार्निश चढवतात. शिक्के लाकडातही असतात, ते कायमचे जातात. फौजेत आम्ही कुंद्याला जवसाचं तेल चोळायचो, कच्चं, तळहाताच्या उबेनं, दिवसाआड थोडं थोडं. आपल्या विदर्भातलंच जवस, आपल्याच घाण्याचं तेल. त्यापेक्षा चांगलं औषध त्या लाकडाला दुसरं नाही.

वर्धेकाठचा

काका, आज सकाळी पुन्हा जाऊन आलो, दलालाला न सांगता. बोल्ट निघाला. नळी खिडकीकडे धरली. आटे नाहीत. आतून सरळ, मध्ये मध्ये गंजाचे ठिपके. .४१० कोरलेलं आहे, बारीक, धुळीनं भरलेलं. काडीनं धूळ काढल्यावर वाचता आलं. आडवा स्क्रूही आहे.

खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं, चला, रायफल नाही म्हणजे बरंच झालं. साधी सरळ नळीची बंदूक. कायद्याचा त्रास कमी.

जुना आर्मरर

उलटं आहे. तुमच्या हातात .४१० ची मस्केट, म्हणजे बिनआट्यांच्या नळीची शिपाई बंदूक आहे.

गोष्ट अशी. तुरुंग, खजिना, दंगलीवरची पोलीस, गोदामांचे पहारे अशा ठिकाणी हत्यार तर द्यायचं, पण फौजेच्या तोडीचं नाही, असं इंग्रजांनी ठरवलं. मग इशापूरमध्ये ली-एनफिल्ड घेतली, आटे असलेल्या नळीच्या जागी गुळगुळीत .४१० ची नळी, मॅगझीन बंद करून ठोकळा. काडतूसही वेगळं, थ्री नॉट थ्रीच्याच खोक्याची मान न आवळता सरळ ठेवलेलं. बाजारात मिळणारं .४१० चं शॉटगन काडतूस आणि हे एक नव्हे. शिपायानं बंदूक पळवली तरी त्याला फौजेची काडतुसं त्यात वापरता येऊ नयेत, हा हेतू.

म्हणजे ही निकामी केलेली नाही. ही जशी पाहिजे तशीच आहे. योग्य काडतूस मिळालं तर आजही चालेल, आणि शंभर वर्षांच्या गंजलेल्या चेंबरमध्ये चालली तर चालवणाऱ्याच्या तोंडावरही येऊ शकेल. बोल्टमागे उभ्या माणसाचा डोळा गेलेला मी पाहिलाय. त्याचं नाव-गाव लिहीत नाही.

नरनाळा

काकांनी सांगितलं त्यात एक भर. ही युक्ती १९२० च्या दशकात नव्यानं सुचलेली नाही. १८५७ ला निमित्त झालं पॅटर्न १८५३ एनफिल्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांचं. उठावानंतर इंग्रजांनी शिपायांसाठी वेगळी बंदूक काढली, पॅटर्न १८५८. दिसायला तीच एनफिल्ड, पण नळीतले आटे खरवडून काढलेले. गोऱ्या पलटणीची गोळी लांबवर नेमकी लागायची, शिपायाची जवळच भरकटायची. पुढे गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणींच्या हातात त्याआधीच्या स्नायडर रायफली होत्या. एक पायरी खाली, नेहमी.

वर्धेकाठचा, तुम्ही त्या नळीत डोळा लावून जी गुळगुळीत पोकळी पाहिलीत, ती त्याच धोरणाची आहे. मला तर साध्या थ्री नॉट थ्रीपेक्षा ही जास्त मोलाची वाटते. विकत घेण्याच्या अर्थानं म्हणत नाही.

कोर्टाची पायरी

मी वकिली करते, वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी. शस्त्र अधिनियमाची प्रकरणं माझ्याकडे येतात, त्यातली निम्मी अशीच, माळ्यावर सापडलेली. म्हणून दादा, जरा सविस्तर लिहिते.

शंभर वर्षांची अट ही पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात आहे. तो कायदा वस्तू देशाबाहेर जाऊ नये, तिची नोंद राहावी यासाठी. बंदुकीचा परवाना लागतो की नाही, हे १९५९ चा शस्त्र अधिनियम ठरवतो. त्यात वयाची सूट नाही. कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे. पण त्याच वाक्याचं शेपूट असं, की ते हत्यार बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं, दुरुस्ती न करताही आणि दुरुस्ती करूनही. 'दुरुस्ती करूनही' हे दोन शब्द दलाल कधी सांगत नाहीत. तुमचा बोल्ट सरकतो, चाप आहे, नळी मोकळी आहे. सूट संपली.

२०२० च्या नियमदुरुस्तीत क्युरिओ (संग्रहात ठेवायच्या जुन्या दुर्मिळ वस्तू) गटातली हत्यारं बाळगण्यापुरती परवान्यातून सुटली, हे खरं. वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला तरी परवाना लागतोच. पण झाडता येण्याजोगी मस्केट आपल्या मनानं क्युरिओ ठरवता येत नाही.

दुसरं जास्त गंभीर. नियमांच्या परिशिष्टात .३०३ आणि ७.६२ च्या बोल्ट रायफली ज्या प्रतिबंधित गटात आहेत, त्याच ओळीत .४१० ची मस्केट लिहिलेली आहे. बारा बोअरचा परवाना जिल्हाधिकारी देतात. प्रतिबंधित बोअरच्या, म्हणजे मापाच्या, हत्याराचा अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या बिनपरवाना बंदुकीला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं, प्रतिबंधित हत्याराला किमान सात, पुढे चौदापर्यंत. त्याच दुरुस्तीनं परवानाधारकाची मर्यादाही तीनवरून दोन बंदुकांवर आणली, वारसाहक्कानं आलेल्या धरून. रीतसर परवाना असलेल्या माणसालाही आपली बंदूक दुसऱ्याला विकायची तर आधी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. दलालानं बुधवारी दाखवायची आणि रविवारी चाळीस हजाराला द्यायची, अशी रीत कायद्यात कुठेच नाही.

तुम्ही घेतली नाही, हे फार चांगलं झालं. आता काळजी काकूंची करा. ती बंदूक आज त्यांच्या घरात आहे.

काळी माती

ताईंनी कायदा नीट सांगितला, वाद नाही. पण मला आतून राग येतो. हा कायदा आला कुठून? लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यातून. हिंदी माणसानं परवान्याशिवाय शस्त्र धरायचं नाही, गोऱ्याला मोकळीक. याच कायद्याविरुद्ध १९२७ मध्ये आपल्या नागपुरात मंचरशा आवारींनी सत्याग्रह केला. हातात तलवारी घेऊन लोक रस्त्यावर निघाले, तुरुंगात गेले. आवारींना जनरल ही पदवी लोकांनी दिली. आणि आज पहाऱ्यावरच्या एका माणसाची सून माजघरात सासऱ्यांच्या काळातलं लुगडं उलगडते, तर तिच्यावर सात वर्षांची टांगती तलवार. हे पटत नाही.

कोर्टाची पायरी

काळी माती, आवारींचा वारसा मलाही प्रिय आहे. माझ्या कार्यालयात त्यांचं चित्र आहे. पण रागाचं उत्तर त्या काकूंना कोर्टात उभं करून मिळणार नाही. कलम २१ वाचा. ज्याच्याकडे हत्यार बाळगायचा हक्क उरला नाही, त्यानं विनाकारण उशीर न करता ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. मालक वारला, परवाना संपला, अशा घरांसाठीच ही वाट ठेवलेली आहे. आपण होऊन, अर्ज लिहून, वकिलासोबत गेलेल्या घरातल्या बाईकडे आणि झडतीत सापडलेल्या माणसाकडे बघायची नजर सारखी नसते. मी दोन्ही पाहिलंय.

दादा, एक मात्र करू नका. बंदूक स्वतःच्या गाडीत टाकून ठाण्यात नेऊन देण्याचा उपकार करू नका. वाटेत नाकाबंदी लागली तर तुमच्या हातात ती कुणाची, हे रस्त्यावर सांगता येणार नाही. आधी अर्ज, मग त्यांनाच घरी येऊन पंचनामा करू द्या.

माईची लेक

हे सगळं वाचून राहवलं नाही. माझ्या बाबांकडे ठासणीची बंदूक होती, परवान्याची. दारू ओतायची, चिंध्या ठासायच्या, छर्रे, परत चिंधी, मग टोपी बसवायची. ज्वारीवरची पाखरं उठवायला बाबा कधी कधी नुसती दारू भरून बार काढायचे. गज ठासताना होणारा ठक ठक आवाज आमच्या झोपेत यायचा.

एका निवडणुकीला ती जमा झाली. बाबा तेव्हाच आजारी पडले आणि परत आणायचं राहिलं. ते गेल्यावर दीड वर्षानं आई पावती घेऊन गेली. कार्यालयाचं नाव घेत नाही. बंदूक मिळाली ती ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवलेली, नळी लाल, कुंद्याला वाळवी. परवान्यावर वारस लावायचे तर कागदांची यादी इतकी, की आईनं तिथंच सही करून ती परत दिली. घरी आल्यावर तिनं नुसता ठासायचा गज पुढे ठेवला. तो जमा करताना घरीच राहून गेला होता. आज तो माझ्याकडे आहे, देवघराच्या कोपऱ्यात.

म्हणून वर्धेकाठचा दादांना एवढंच म्हणते, काकूंकडून जाईल तेव्हा ती नीट नोंदवून जाऊ द्या. कुठली, कशी, कुणाची. आमच्या बाबांच्या पावतीवर फक्त 'जुनी बंदूक १ नग' लिहिलं होतं.

वर्धेकाठचा

उशीर झाला लिहायला, माफ करा. मध्ये तुरीची सोंगणी होती आणि मनाचंही काही खरं नव्हतं.

दलालाला नाही म्हणून सांगितलं. तो चिडला, म्हणाला दुसरं गिऱ्हाईक अमरावतीहून येतंय. त्या रात्री मी खरोखर डगमगलो. आपण नाही घेतली तर कुणी तरी घेणारच, मग आपणच का नको? कपाटासमोर बसून होतो. बायकोनं विचारलं तेव्हा पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, काकूंना नातू किती वर्षांचा आहे? नऊ वर्षांचा. बोल्ट ओढायला त्याला जमतं, मी स्वतः पाहिलं होतं. सकाळी उठलो तो थेट काकूंकडे गेलो.

त्यांना वकील ताईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. त्या घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, मामंजींची एक पत्र्याची पेटी आहे, तीत बघ. पेटीत पोथ्या, जमाखर्चाच्या वह्या, आणि मेणकापडात बांधलेली परवान्याची पुस्तिका. परवाना मामंजींच्या नावे नव्हताच. जिनिंग प्रेसिंगच्या मालकाच्या नावे होता, पहारेकरी म्हणून यांचं नाव खाली. शेवटचं नूतनीकरण १९७४. नंतर ते जिनिंग बंद पडलं, मालक शहरात गेले, आणि 'तोवर तुमच्याकडे राहू द्या' म्हणून दिलेली बंदूक पन्नास वर्षं कणगीमागे राहिली. म्हणजे या घरानं पन्नास वर्षं दुसऱ्याची ठेव सांभाळली आणि ती विकून नातवाची फी भरणार होते. फीचं मी बघतो म्हटलं, त्या नाही म्हणाल्या. शेवटी काकूंच्या माळ्यावरची दोन तांब्याची घंगाळी मी योग्य भावानं घेतली.

तालुक्याच्या एका वकिलांकडून अर्ज लिहून घेतला, परवान्याची छायाप्रत जोडली. परवा ठाण्यातून हवालदार आणि दोन शिपाई वाड्यात आले, पंच म्हणून सरपंच आणि शेजारचे गुरुजी. काकूंनी लुगड्यासकट बंदूक ओसरीवर ठेवली. जाताना हात लावायचाय का, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. कुंद्याच्या तळाला पितळी पट्टी आहे, तीत छोटं झाकण. हवालदारांनी ते उघडलं. आत तेलकुपी आणि नळी साफ करायची दोरी, दोन्ही जागच्या जागी. माझ्या कपाटात अशा चार कुप्या आहेत, पण ज्या बंदुकीची कुपी त्याच बंदुकीत मी आजवर पाहिली नव्हती. तेल वाळून राळ झालेलं. पंचनाम्यात कुपी आणि दोरीही लिहून घेतली.

हवालदारांनी लिहायला घेतलं, 'जुनी रायफल, १ नग.' मी म्हटलं, साहेब, रायफल नव्हे. नळीत आटे नाहीत. .४१० बोअरची मस्केट, इशापूर, १९२५, एकेरी काडतुसाची, मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा. त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, सावकाश सांगा. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले, गुरुजींनी शिक्क्यांची इंग्रजी अक्षरं वाचून दिली. पाऊण पान झालं. परवान्यावरची मालकाची नोंद, मामंजींचं नाव, १९७४ चा शिक्का, सगळं त्यात आलं. अर्जाच्या शेवटी वकिलांनी विनंती घातली आहे की निकाल लागल्यावर नष्ट न करता वस्तुसंग्रहालयाकडे देण्याचा विचार व्हावा. नागपूरच्या अजब बंगल्याचं नाव मीच सुचवलं. होईल की नाही, ते वरच्यांच्या हातात.

जुना आर्मरर

शाबास. नंबर लिहून घेतला का? बोल्टच्या मुठीवर एक असतो आणि वर नळीच्या बुडाशी एक. दोन्ही जुळायला हवेत, नाहीतर बोल्ट दुसऱ्या बंदुकीचा.

वर्धेकाठचा

घेतला, काका. हवालदारांनी वाचला, गुरुजींनी पुन्हा वाचला, मी तिसऱ्यांदा. दोन्हीकडे एकच आहे.